रक्त थांबलं आणि दात गेले

चार दात गेले माझे. खालचे, अगदी समोरचे. वय सत्तेचाळीस. कुणी विचारलं तर आमच्याकडे उत्तर तयार असतं, "शुगर हाय ना, मग दात जायचेच." दात हलायला लागले तेव्हा मीही हेच धरून बसले होते. पण ते खरं नाही, आणि खरं काय ते कळल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. मुलगी म्हणाली, आई, जरा थंड हो, मग लिही. थंड झाले तर मी लिहिणारच नाही, कामाला लागेन. म्हणून आत्ताच लिहिते.

झरीजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. एकवीस वर्षं झाली. गरोदर बायांची नोंद ठेवायची, लेकरांची वजनं घ्यायची, लसीच्या दिवशी घरोघर जाऊन बायांना बोलावून आणायचं, हे माझं काम. गाव मला 'बाई' म्हणतं. घरात मी, आमचे हे, आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मुलगी लग्न होऊन पाथरीला आहे. शेत आहे, विहिरीला पाणी आहे, खायला-प्यायला कमी नाही. तेव्हा गरिबीने दात गेले असं कुणी समजू नये. सगळं हाताशी असताना गेले, राग त्याचाच आहे.

पहिलं बोट माझं

शुगर निघाली त्याची गोष्ट गावात अजून हसून सांगतात. समाजमंदिरात तपासणीचं शिबिर होतं. बाया गोळा करून मी आणल्या होत्या, पण सुई बघून सगळ्या मागे सरकायला लागल्या. एक म्हणाली, "आदी बाईचं रगत घ्या, मंग आमचं." मी ताठ मानेने पुढे झाले आणि बोट पुढे केलं.

सिस्टरने मशीन बघितली. बोट पुसलं. दुसऱ्या बोटाला टोचलं, परत बघितलं. मग हळूच विचारलं, "बाई, सकाळी काय खाल्लं होतं?"

"चहा. दोन बिस्किटं."

तिने आकडा लिहिला आणि कागद माझ्या हातात दिला. मागून कुणीतरी मान लांब करून तो वाचला, आणि हॉलभर हशा पिकला. "बाईलाच निघाली माय!" मीही हसले. पण माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा ह्याच रोगाने गेला होता आणि त्यांचं ड्रेसिंग करायला मीच बसायचे. घरी येऊन मी आधी स्वतःचे तळपाय बघितले.

गोळ्या सुरू झाल्या. गोड सोडलं. चहा बिनसाखरेचा. रोज शाळेच्या मैदानाला फेऱ्या. वर्षातून एकदा डोळे दाखवा, पाय दाखवा, किडनी तपासा, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मी इमानाने केलं. तोंड दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. मधुमेहाची जेवढी पत्रकं माझ्या हातात आली, त्या सगळ्यांवर डोळा होता, पाऊल होतं, हृदय होतं. दात मला तरी कुठे दिसले नाहीत. माणूस खातो कशाने, ह्याचा विचार पत्रक काढणाऱ्यांना सुचला नसावा.

मिशरी

ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, मग चुरून बारीक पूड करायची, की झाली मिशरी. भाजताना ठसका उठतो आणि सगळी गल्ली खोकते. सकाळी ती बोटाने दातांना आणि हिरड्यांना लावायची, तोंडात धरून बसायचं, मग थुंकायचं.

मला ती लागली पहिल्या बाळंतपणाच्या आधी. दाढ ठणकत होती. आत्याबाईंनी माझ्या तळहातावर चिमूट ठेवली. "घे, लाव. जागच्या जागी बसतंय दुखणं." डोकं गरगरलं, उलटी झाली, पण दाढ खरंच बधिर झाली. मग ते सुटलंच नाही. रोज सकाळी मागच्या दारी आत्याबाई, मी आणि शेजारची शांताकाकू. तोंडात मिशरी, बोलायला फक्त हुं आणि उंहूं. तेवढा वेळ कुणी चहा मागत नाही, कुणी कपडे कुठेत म्हणून विचारत नाही. तोंडात मिशरी असलेल्या बाईला आमच्याकडे कुणी हाक मारत नाही. मिशरीने माझं वाटोळं केलं हे खरं, पण दिवसातली तेवढीच घटका माझी होती हेही खरं. ते लपवून मला उपदेश करायचा नाही.

शुगर निघाल्यावर दोनेक वर्षांनी ब्रश करताना फेस गुलाबी दिसायला लागला. मी घाबरले. आत्याबाई म्हणाल्या, "त्या ब्रशानं तोंड सोलून निघालंय तुजं. ठिव तो बाजूला. मिशरी दोनदा लाव, रगत थांबतंय."

ब्रश बाजूला ठेवला. मिशरी दोनदा लावली. आणि रक्त थांबलं हो! आठ दिवसांत थुंकी स्वच्छ. मला काय आनंद झाला. शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही म्हणतात, आणि माझी तर आठवड्यात भरली. मग दोनदाची तीनदा झाली. दुपारी लेकरं जेवून पांगली की अंगणवाडीच्या मागेही एकदा लावायचे. डबी कमरेला असायची.

गूळ कुणी खाल्ला

त्यानंतर शुगर वाढायला लागली. आधी थोडी, मग बरीच. परभणीला ज्या डॉक्टरांकडे जायचे ते माझ्याकडे बघायचे नाहीत, कागदाकडे बघायचे.

"गोड खाताय तुम्ही."

"नाही डॉक्टर."

"मग हा कागद खोटं बोलतो का?"

आमचे हे शेजारच्या खुर्चीवर बसलेले. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "चोरून खायलीस तू."

"कोण म्हणलं?"

"डॉक्टर येडा हाय का? अन् दिवसभर तिकडं शिरा शिजतो. लेकरायच्या वाटचा खात असशील."

माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. ह्या माणसाने मला चापट मारली नाही कधी, पण त्या दिवशी ते वाक्य चापटीपेक्षा जोरात लागलं. लेकरांच्या वाटचा! एकवीस वर्षांत त्या पातेल्यातला घास मी चवीपुरताही घेतला नाही, आणि माझा नवरा दारात उभा राहून मला चोर ठरवतो. दुसऱ्या दिवशी गुळाचा डबा स्वयंपाकघरातून गायब झाला. धान्याच्या कोठीमागे ठेवला होता. मला सापडू नये म्हणून.

पुढचं दीड वर्ष असं गेलं. डॉक्टरांनी तीनदा गोळी वाढवली. दर वेळी तोच प्रश्न आणि त्याच प्रश्नात तोच आरोप. मी भात सोडला, दुधातली साय सोडली, एकादशीचा साबुदाणा सोडला. आत्याबाई शेजारणीला सांगायच्या, "मन मारवंना तिला." तिकडे माझ्या तोंडाला वास यायला लागला होता. खालचे दात आधी एकमेकांना चिकटून होते, त्यांच्यात फट पडली होती. हिरडी खाली सरकून दात लांब दिसत होते. हुरड्याच्या दिवसांत सगळे शेतात आगटीभोवती बसले आणि मी कोवळे दाणेही दाढेकडे ढकलून खाल्ले, कारण समोरचे दात हलत होते. लोकांशी बोलताना पदर तोंडावर यायला लागला. बायांना वाटलं, बाईला आताशा लाज वाटायला लागली.

आता मला सांगा, हे सगळं तोंड माझ्या चेहऱ्यावरच होतं ना? डॉक्टरांच्या टेबलापासून दोन हातांवर. त्या दीड वर्षात एकदा "आ करा" म्हणाले असते तर? मी गूळ खाते की नाही हे शोधायला सगळे टपले होते, आणि ज्या तोंडात तो गूळ जातो असं त्यांचं म्हणणं होतं, ते तोंड उघडून बघायला कुणाला सवड नव्हती. माझ्यासकट. मी स्वतःचे पाय रोज बघत होते.

"तंबाखू?" "नाही."

मग एका सकाळी हनुवटीखाली सूज आली. दुपारपर्यंत ताप. घोट गिळता येईना. ह्यांनी मला परभणीला नेलं. तिथल्या सिस्टरने शुगर बघितली आणि मशीन बिघडली म्हणून दुसरी आणली. मशीन बिघडलेली नव्हती. मला तिथेच दाखल करून घेतलं.

पाच दिवस होते तिथे. सकाळी सहाला बोट टोचणं, मग इन्सुलिन, मग बिनसाखरेचा चहा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग परत बोट. खाणं म्हणजे पातळ खिचडी, तीही वाटीने प्यायची. माझी बोटं काळीनिळी झाली होती. सकाळची एक सिस्टर मात्र टोचायच्या आधी विचारायची, "आज कोणतं देता, बाई?" आणि मी करंगळी म्हणाले तर करंगळीच घ्यायची. एवढ्याशा गोष्टीने मला दोनदा रडू आलं.

भीती कशाची होती ते सरळ सांगते. मरायची नव्हती. सगळे दात जातील ह्याची होती. बोळकं तोंड घेऊन तीस लेकरांपुढे बसून गाणं कसं म्हणायचं, ही भीती. हसण्यासारखी वाटेल, पण मला रात्रंदिवस तेच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद घेऊन विचारायला लागल्या.

"तंबाखू खाता?"

"नाही."

"गुटखा, सुपारी?"

"छे! आमच्याकडं बायाच काय, माणसंही खात न्हाईत."

"मिशरी?"

"ती लावते की."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिशरी कशाची करतात?"

"तंबाखूची," मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

ह्यात माझी वकिली कुणी करू नये. मी अडाणी नाही. गावात सर्वेक्षण करते. त्यात 'तंबाखू सेवन' असा रकाना असतो. दात काळेभोर असलेल्या बायांच्या नावांपुढे मी वर्षानुवर्षं 'नाही' लिहिलं आहे, त्यांच्याच ओट्यावर बसून, आणि माझ्या कमरेला डबी असताना. त्यांना ते खोटं वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही. तंबाखू म्हणजे बाप्यांचं व्यसन. मिशरी म्हणजे दात घासणं. अशी आमची वाटणी झालेली आहे.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हिरडीत बारीक काडी घातली. ती इतकी खोल गेली की मला कळ यायच्या आधी भीती वाटली. मग त्यांनी सांगितलं ते असं. हिरडीतून रक्त येतं तेव्हा ती आजारी आहे हे ती ओरडून सांगत असते. तंबाखूने तिथल्या रक्ताच्या नळ्या आवळतात, रक्त दिसेनासं होतं, पण रोग आत चालूच राहतो. वर सगळं शांत, खाली पू. शुगर जास्त असली की हा पू फोफावतो, आणि तोंडात असा पू असला की शुगर ताब्यात येत नाही. दोघं एकमेकांना धरून असतात.

"म्हणजे माझी शुगर गोड खाऊन वाढली नव्हती?" मी विचारलं.

"सगळी ह्यानेच वाढली असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तोंडात एवढं सगळं असताना ती उतरेल कशी?"

आमचे हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. सूज होती, नीट बोलता येत नव्हतं, तरी मी म्हणाले, "ऐकलं का? ऐकलं का काय म्हणल्या त्या?" ते सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी घरून दूध-भाकरी कुस्करून आणली, लापशीसारखी मऊ, एक खडा लागणार नाही अशी. स्वतः कुस्करली होती. वाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "गुळाचा डबा जाग्यावर आणून ठिवलाय."

"आता काय करू त्याचं? कपाळाला लावू?"

वॉर्डातल्या बाया हसल्या. हे पण हसले, खाली बघून. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही आणि पुढेही ऐकेन असं वाटत नाही. दूध-भाकरी मात्र रोज आणली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. खालचे चार दात वाचणार नाहीत, शुगर जरा उतरली की ते काढायचे. अजून सहा हलताहेत. "ते सहा तुमच्या हातात आहेत. मिशरी आजपासून बंद."

सहा दातांसाठी

बंद म्हणणं सोपं आहे. पहिले आठ दिवस डोकं फुटायची वेळ आली. पोट साफ होईना, कारण मिशरी लावल्याशिवाय परसाकडे व्हायचं नाही ही पंचवीस वर्षांची सवय. लेकरांवर खेकसायला लागले. मागच्या दारी जाऊन नुसती बसले तर मिशरीचा वास येई आणि तोंडाला पाणी सुटे.

अशात एका सकाळी ठसका लागला. आत्याबाईंनी तवा चुलीवर चढवला होता, पानं भाजत होत्या. मी गेले आणि तवा खाली उतरवला. हात भाजला, पण उतरवला.

"काय करायलीस?" त्या ओरडल्या.

"ह्या घरात आता ही भाजायची न्हाई."

"माज्या हातची मिशरी वाईट झाली व्हय? साठ वरसं लावायले मी. मला कुटं काय झालं?"

"तुमचे दात कुटं हायत, आत्याबाई?"

तोंडात एक दात नाही त्यांच्या, मी लग्न होऊन आले तेव्हाही दोन-चारच होते, आणि तेव्हा त्या आजच्या माझ्या वयाच्या असतील. मी हा हिशेब आधी कधी केला नव्हता. त्यांनीही केला नसावा. त्या म्हणाल्या, "दात तर सगळ्यायचेच जातेत."

"सगळ्यायचे न्हाई जात. आपले जातेत."

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आता शांताकाकूंकडे जाऊन लावतात. मी ते बघते आणि गप्प बसते. त्या वयात त्यांच्याकडून काय काय काढून घ्यायचं, हे मला कळत नाही.

दात साफ करायच्या पहिल्या दिवशी मी अजून एक शहाणपणा केला. ऑपरेशनला उपाशी जायचं असतं, एवढं डोक्यात पक्कं. म्हणून सकाळी शुगरची गोळी घेतली आणि काही न खाता जीप धरली. खुर्चीवर आडवी झाले तोवर हातपाय कापायला लागले, घाम फुटला, समोरचा दिवा दोन-दोन दिसायला लागला. डॉक्टरीणबाईंनी काम टाकून मला साखरेचं पाणी पाजलं. साखरेचं! पाच वर्षांनी जिभेला साखर लागली, तीही अशी. मग मला झाप झाप झापलं. मी म्हणाले, कुणी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझी चूक. सांगायला हवं होतं." अख्ख्या दुखण्यात चूक कबूल करणारं हे पहिलं माणूस, म्हणून हे लिहून ठेवते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, शुगर असेल तर दातवाल्याकडे जाताना जेवून जा, गोळी वेळेवर घ्या, आणि खुर्चीत बसायच्या आधी शुगर आहे हे त्यांना सांगा. शुगरच्या डॉक्टरांना विचारायला सुचलं नाही तर आपणच तोंड उघडून दाखवा. त्यांना राग आला तर येऊ द्या. ब्रश मऊ घ्या, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा. हिरडीतून रक्त आलं तर ब्रश टाकू नका, डॉक्टर गाठा. रक्त आपोआप थांबलं म्हणून नवस फेडू नका. दोन दातांच्या फटीत जायला बारीक ब्रश मिळतो, तो मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसला. मीठ-पाण्याने बरं वाटतं, त्याने आतला पू जात नाही.

मुळापर्यंत सफाई चार वेळा झाली. चार दात काढले. त्यांच्या जागी काढता-घालता येणारी कवळी बसवली. सहांपैकी पाच आता घट्ट आहेत, एकाचा भरवसा नाही. शुगर उतरली, एक गोळी कमी झाली. जुन्या डॉक्टरांना कागद दाखवला तर म्हणाले, "बघा, गोड सोडल्यावर उतरली ना!" मी त्यांच्या टेबलावर हात आपटला आणि उठून आले. परत गेले नाही.

बैठक

अंगणवाडीत दर महिन्याला गरोदर आणि लेकुरवाळ्या बायांची बैठक असते. कवळी बसल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत मी ठरवून आले होते. पंधरा-सोळा बाया होत्या. मी नेहमीचं बोलले, लोहाच्या गोळ्या, लस, वजन. मग पदर बाजूला केला आणि कवळी काढून तळहातावर ठेवली.

एक पोरगी फिसकन हसली आणि तिच्या सासूने तिला कोपर मारलं. बिनदाताने बोलताना शब्द निसटत होते, तरी मी बोलले. मिशरी म्हणजे तंबाखू. रक्त थांबलं म्हणजे बरं झालं नाही. मला दीड वर्ष चोर म्हटलं आणि कुणी तोंड उघडून बघितलं नाही. डॉक्टरांवर बोलले, घरच्यांवर बोलले, पत्रकं काढणाऱ्यांवर बोलले. आवाज चढला होता. बाया माना हलवत होत्या आणि मला बरं वाटत होतं.

मागे भिंतीला टेकून रेणुका बसली होती. तेवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, सहावा महिना. तिला ह्या खेपेला शुगर निघाली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, मंग मला लावायला कामून सांगितलं?"

"काय?"

"मिशरी. पहिल्या येळंला माज्या हिरड्यातून रगत यायलं व्हतं, तवा तुमीच मनल्या. जरा मिशरी लाव, थांबतंय. डबीतली दिली बी व्हती."

मला आठवत नव्हतं. खरं सांगते, अजिबात आठवत नव्हतं. त्या काळात मला इतका आनंद झाला होता की अजून किती जणींना सांगितलं असेल कोण जाणे. रेणुकाच्या बोलण्यात राग नव्हता. तिने नुसतं विचारलं होतं. तिच्या कार्डावर शुगरचे आकडे मी माझ्या हाताने लिहिले होते, तीन वेळा. ती माझ्यासमोर बसून पदराआड बोलत होती, तीनही वेळा. आणि मी कार्डाकडे बघत होते.

माझ्या तळहातावर कवळी तशीच होती. ती कुठे ठेवावी हेही मला सुचेना.

"तोंड उघड," मी तिला म्हणाले.

ती लाजली. बाकीच्या बाया बघत होत्या. मी तिला खिडकीजवळ उजेडात नेलं. हिरडी सुजून गडद झाली होती, दातांच्या मुळाशी काळी रेघ. खालचा एक दात मी बोटाने हलवला तर हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जेवायला घालून मी परभणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, काडी घालून बघितलं, पोटात बाळ असलं तरी सफाई आता करता येईल, घाबरू नको म्हणाल्या. मग हातमोजे बदलता बदलता विचारलं, "मिशरी लावायला कुणी सांगितलं तुला?"

रेणुकाने माझ्याकडे बघितलं नाही. "गावात सगळेच सांगतेत," ती म्हणाली.

ती मला झाकत होती.

"मी सांगितलं," मी म्हणाले.